काकांच्या ट्रंकेतला एप्रन : लॉजच्या वस्तूंचं करायचं काय?

ताई, ट्रंक खाडीत सोडू नका. बाकीचं सावकाश बोलू.

वाचणाऱ्या इतरांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. हिंदू कॉलनीत राहणारे तुमचे अविवाहित काका पावसाळ्याआधी वारले. ते फ्रीमेसन होते, म्हणजे ‘लॉज’ नावाच्या शाखांतून चालणाऱ्या एका जुन्या बंधुसंघाचे सभासद. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि दिवाळीनंतर जागा रिकामी करून द्यायची आहे. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात कातडी एप्रन, निळ्या कॉलरी, पाच पदकं, हस्तिदंतासारखा दिसणारा छोटा हातोडा, गाळलेल्या अक्षरांची छापील पुस्तकं, जाडजूड हस्तलिखित वही, ग्रुप फोटो आणि कवटी नि शवपेटी काढलेलं एक चित्र. वर ५९२४ साल घातलेलं एक सर्टिफिकेट, तेही काकांच्या नावाचं नाही. ते चित्र बघून आईंनी धसका घेतला, ‘निर्माल्याबरोबर सोडून ये’ म्हणाल्या. भाऊ म्हणतो, चोर बाजारात देऊन मोकळे होऊ. तुम्हाला दोन्ही पटेना.

मी फोर्टमधल्या एका लॉजचा ३२ वर्षं सभासद. त्यातली १२ वर्षं सेक्रेटरी होतो, आता आल्मनर आहे. आल्मनर म्हणजे आजारी सभासदांची आणि गेलेल्यांच्या घरच्यांची विचारपूस करणारा. अशा ट्रंका मी बऱ्याच घरांत उघडल्या आहेत, आणि प्रत्येक घरात एकच चूक होताना पाहिली: चकचकीत वस्तू लोक जपून ठेवतात आणि कागद रद्दीत घालतात. खरं तर उलट हवं. पदकं साच्यातून निघतात, तशी शेकड्यांनी आहेत. तुमच्या त्या जाड वहीची दुसरी प्रत मात्र जगात नसेल.

आधी आईंची भीती. ते चित्र करणीचं नाही. फ्रीमेसनरीत तीन पायऱ्या असतात, त्यातल्या तिसऱ्या पायरीचा तो चित्रफलक. शिकणाऱ्याला त्याची छोटी छापील प्रत घरी ठेवता येते. ‘मरण डोळ्यांसमोर ठेवून नीट वाग’ एवढाच त्या कवटीचा अर्थ, आपल्याकडे कीर्तनात बुवा सांगतात तोच. शवपेटीच्या टोकाला एक डहाळी काढलेली दिसेल. ती अकेशियाची, म्हणजे आपल्या बाभळीच्या गोतातली. बाभळीला कोण घाबरतं? आईंना हेही सांगा, की विवेकानंद संन्यास घेण्याआधी, नरेंद्रनाथ दत्त असताना, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये दाखल झाले होते. हे सांगितल्यावर निम्म्या घरांतली भीती जाते. एका घरात तर उलटंच पाहिलं. सासूबाईंनी कंपास-गुण्याचं पदक देवघरात ठेवलं होतं आणि रोज हळदकुंकू वाहत होत्या. मी काही बोललो नाही.

काकांनी ‘गुपित राखेन’ अशी शपथ घेतली होती, पण ती त्यांची. पुतणीवर किंवा भावजयीवर ती बांधील नाही. पुस्तक उघडलं म्हणून काही पाप लागत नाही. उघडून फारसं हातीही लागत नाही, कारण शब्दांची नुसती आद्याक्षरं छापलेली असतात आणि मधे ठिपके.

आता मुख्य काम. ट्रंक रिकामी करताना ‘किंमत किती’ हा प्रश्न बाजूला ठेवा, ‘हे कोणाचं’ एवढंच प्रत्येक वस्तूला विचारा. तुमच्या ट्रंकेत मला तीन मालक दिसतात: काका, त्यांचं लॉज आणि ज्यांचं सर्टिफिकेट आहे ते तिसरे गृहस्थ.

तिसऱ्यांपासून सुरू करतो, कारण तिथे गंमत आहे. ५९२४ ही छपाईची चूक नाही. मेसन लोक इसवी सनात ४००० मिळवून साल लिहीत, जगाच्या निर्मितीपासून मोजल्याचा तो एक जुना संकेत. म्हणजे सर्टिफिकेट १९२४ चं. मजकूर दोन रकान्यांत आहे, एक इंग्रजीत आणि दुसरा न कळणाऱ्या भाषेत, असं तुम्ही लिहिलंत. ती लॅटिन. असं सर्टिफिकेट इंग्लंडच्या ग्रँड लॉजचं, म्हणजे लॉजवरच्या मुख्य संस्थेचं असतं. तुमचे काका १९६८ ला लॉजमध्ये गेले, तेव्हा हे त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कुणाचं तरी. माझा अंदाज असा, की ज्यांनी काकांना लॉजमध्ये आणलं त्या वडीलधाऱ्यांचं. मूलबाळ नसलेला म्हातारा मेसन आपल्या वस्तू लॉजमधल्या लाडक्या धाकट्याला देऊन जातो, हे मी पाहिलेलं आहे. नाव पारशी असेल तर त्यात नवल नाही. आपल्याकडच्या हिंदी माणसांसाठी १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं, तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांत माणेकजी कर्सेटजी होते. त्यांना इथल्या गोऱ्यांच्या लॉजनी घेतलं नाही, म्हणून ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले होते. ज्यांनी ते लॉज काढून दिलं ते डॉक्टर जेम्स बर्न्स म्हणजे काबूलमध्ये १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे भाऊ. विषय सोडून बोलतोय, पण त्या एका कागदामागे शहराचा केवढा इतिहास उभा आहे, ते भावाला कळावं म्हणून.

लॉजचं नाव, त्यापुढचा क्रमांक आणि क्रमांकानंतरची अक्षरं नीट टिपून घ्या. ‘ई. सी.’ म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजखालचं, ‘एस. सी.’ म्हणजे स्कॉटलंडच्या. २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर झाले. तेव्हा इथल्या लॉजना मोकळीक होती, नव्याकडे या किंवा जुन्याकडेच राहा. काही आली, काही राहिली. त्यामुळे मुंबईत एकाच इमारतीत, वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या ग्रँड लॉजखालची लॉज भरतात. ‘काका मेसन होते’ एवढ्यावर त्यांचं लॉज सापडत नाही, नाव आणि क्रमांक लागतोच. तो काकांच्या सर्टिफिकेटवर असेल, ते नसेल तर समन्सवर, म्हणजे सभेच्या छापील बोलावण्यावर. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची १७५१ ते १९२१ पर्यंतची सभासद-पुस्तकं वंशावळीच्या एका मोठ्या संकेतस्थळावर बघता येतात. तुमचं सर्टिफिकेट १९२४ चं, थोडक्यात हुकलं. म्हणून त्या गृहस्थांचा माग इथल्याच वह्यांत काढावा लागेल.

आता ती जाड वही. तुम्ही पहिल्या पानाचं वर्णन केलंत त्यावरून ते मिनिट बुक, लॉजच्या सभांचं इतिवृत्त. काका सेक्रेटरी होते, वही घरी आणली, परत द्यायची राहिली. सेक्रेटरी मंडळींच्या घरी हे होतं (माझ्या कपाटातही चार वर्षं एक वही होती). ही वही काकांची नाही, म्हणून तुमचीही नाही. ती लॉजची. विकू नका, घरातल्या आठवणींतही धरू नका. लॉज बंद पडलं असेल किंवा दुसऱ्यात विलीन झालं असेल, तर ज्या ग्रँड लॉजखाली ते होतं तिथे गेली पाहिजे. देताना मात्र तुमच्यासाठी एक काम करून घ्या: काकांना ज्या सभेत घेतलं आणि ज्या सभेत ते मास्टर, म्हणजे लॉजचे त्या वर्षीचे प्रमुख झाले, त्या दोन पानांचा फोटो द्याल का, असं विचारा. बहुतेक सेक्रेटरी मोकळ्या मनाने हो म्हणतील. सगळी वही मात्र फोनवर टिपत बसू नका, त्यात दुसऱ्यांच्या घरच्या अडचणी आणि मदतीचे अर्जही असतात.

कॉलरी बघा. कॉलरीच्या टोकाला लटकणारं चिन्ह त्या वर्षीचं पद सांगतं: गुण्या असेल तर मास्टर, किल्ली असेल तर खजिनदार, फुलीसारख्या दोन लेखण्या असतील तर सेक्रेटरी. अशी पदाची कॉलर चिन्हासकट बहुधा लॉजच्या मालकीची, दरवर्षी नव्या माणसाच्या गळ्यात जाणारी. ती परत करा. छातीवर लावायची, फितीवर टांगलेली, मागे काकांचं नाव आणि साल कोरलेली पदकं मात्र त्यांची स्वतःची. मास्टरपदाचं वर्ष संपलं की लॉज ‘पास्ट मास्टर’चं पदक देतं. त्यावर गुण्याखाली तीन चौकोनांची एक आकृती लटकताना दिसली, तर ते शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय. तुमच्या फोटोतलं दुसरं पदक तेच आहे. हे घरात ठेवा. ते काकांनी कमावलेलं आहे.

एप्रनचीही एक भाषा आहे. निव्वळ पांढरा कोकराच्या कातड्याचा एप्रन नव्या माणसाचा. फिकट निळी किनार आणि तीन फुलं असली तर तिसरी पायरी झालेली. फुलांच्या जागी उलट्या इंग्रजी ‘टी’सारखी चांदीची चिन्हं असली तर मास्टर होऊन गेलेला. किनार हिरवी, तांबडी किंवा चौकटीच्या लोकरी कापडाची दिसली तरी गोंधळू नका, स्कॉटिश लॉज आपापला रंग ठरवतात. एप्रन काकांचेच. लॉजने मागितले तर द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. नव्या सभासदाला जुना एप्रन मिळाला की त्याला आवडतं आणि खर्चही वाचतो, म्हणून निळा दिलात तर मला बरं वाटेल. पांढरा मात्र ठेवा, किंवा आईंना विचारा. पहिल्या रात्री कमरेला बांधलेला तो एप्रन. आमच्यात तो शेवटच्या प्रवासात सोबत ठेवण्याची रीत आहे. तुमच्याकडे ती वेळ गेली, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडच्या घरांत त्याबद्दल कुणाला ठाऊकच नसतं.

आता भावाचा चोर बाजार. मी विक्रीच्या विरुद्ध नाही. माणसाच्या स्वतःच्या वस्तू वारसांनी विकाव्यात, त्यात लाज कसली? पण तिथे मटण स्ट्रीटला पदक नेलंत तर दुकानदार धातूचा भाव करणार आणि नाव कोरलेलं म्हणून त्यातही कापणार. आधी मागची बाजू भिंगाखाली बघा. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची ९२५ ची चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅममध्ये तपासलेली, ३७५ म्हणजे नऊ कॅरेट सोनं. इथल्या कारागिरांनी घडवलेल्या पदकांवर असे शिक्के बहुधा नसतात, ती झवेरी बाजारात कसाला लावून घ्यावी लागतात. बरीच पदकं चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली निघतात आणि घरच्यांचा हिरमोड होतो. आणि कृपा करून पितळ घासायच्या पॉलिशने किंवा चिंचेने उजळायला जाऊ नका, पाणी उतरतं आणि मीना उडतो. सुती फडक्याने पुसलं की पुरे.

मागे १८९८ कोरलेलं जे पदक आहे, त्याला वेगळं ठेवा. भाऊ म्हणतो, लंडनचा एक शौकीन इंटरनेटवर चांगले पैसे देतोय. देत असेल. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि कागदपत्रांना तर ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पाकिटात घालून पोस्टाने पाठवणं म्हणजे गुन्हा. देशातल्या देशात विकायचं तर घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे पुरावशेषांचा परवाना आहे का, ते बघा. शिवाय ते पदक काकांचं नव्हे, त्या तिसऱ्या गृहस्थांकडून आलेलं दिसतं. माझं मत विचाराल तर पदक आणि १९२४ चं सर्टिफिकेट एकत्र ठेवून एकाच ठिकाणी द्या. वेगळी केली की दोन्ही मुकी होतात.

हातोड्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण सगळ्यात जपून वागायचं ते त्याच्याशीच. खरा हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. विकणं बंदच आहे, भेट देणंही नको. वारसाने आला तरी ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तसं कळवावं लागतं. आधी भिंग घ्या. आडव्या कापावर बारीक तिरप्या रेघा एकमेकींना छेदून जाळी करत असतील तर हस्तिदंत. बारीक काळसर ठिपके असतील तर हाड. काहीच नसेल आणि साच्याची शिवण लागत असेल तर सेल्युलॉइड. ‘तापलेली सुई टोचून बघा’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. हस्तिदंत वाटला तर वकिलाला विचारून वन विभागाला लेखी कळवा. काकांना जाऊन ९० दिवस उलटले असले तर उशीर का झाला तेही लिहा: ट्रंक आत्ता उघडली. तोवर तो हातोडा लॉजलाही देऊ नका, कारण ती देवाणघेवाण होते. मी स्वतः असा एक हातोडा आनंदाने स्वीकारला होता आणि पुढे सहा महिने कागद गोळा करत फिरलो.

माझी आणखी एक चूक सांगतो. सेक्रेटरी झाल्याच्या दुसऱ्या वर्षी माहीमच्या एका वहिनींनी फोन केला, ‘सगळं घेऊन जा, मला बघवत नाही.’ दहावा होऊन चार दिवस झाले असतील. मी टॅक्सी करून सगळं नेलं. एप्रन वाटले, फोटो बाईंडिंगवाल्याकडच्या गठ्ठ्यात गेले, कुठे हरवले ते आजवर कळलं नाही. नऊ वर्षांनी नात आली. तिला आजोबांचा फक्त एक फोटो हवा होता, एप्रन बांधलेला. घरी तसा एकही नव्हता, कारण आजोबा तो पोशाख घरात कधीच घालत नसत. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. तेव्हापासून वर्षश्राद्धाच्या आत मी कुणाच्या घरून मिनिट बुकाखेरीज काही उचलत नाही. तुमच्यावर इमारतीची मुदत आहे हे कळतं, पण ती मुदत ट्रंक हलवण्याची आहे. निर्णयाची नाही. भाड्याच्या जागेत एक ट्रंक मावेल.

म्हणून फोटो. तुमच्या ट्रंकेतल्या इन्स्टॉलेशनच्या, म्हणजे नव्या मास्टरच्या पदग्रहणाच्या ग्रुप फोटोंत चाळीस-चाळीस माणसं आहेत आणि मागे एकही नाव नाही. काकांच्या बरोबरीचे दोघे-तिघे अजून हयात असतील. लॉजला फोन कराल तेव्हा सगळ्यात जुने सभासद कोण, हे विचारा आणि फोटो घेऊन त्यांच्याकडे जा. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनाने नको, दाब पुढे उमटतो. किंवा फोटोवर पातळ कागद ठेवून माणसांच्या बाह्यरेषा काढा, आकडे द्या, यादी वेगळी करा. म्हाताऱ्यांना हे काम फार आवडतं. एका दुपारी दोन कप चहा आणि एवढ्या गोष्टी मिळतील, की काका तुम्हाला नव्याने कळतील. मग लॉजला फोटोंची चांगली प्रत द्या, मूळ तुमच्याकडे. की उलट? मी आमच्या लॉजचा माणूस असूनही सांगतो, मूळ घरी ठेवा. लॉजच्या कपाटांना माझ्याइतकं कुणी ओळखत नाही.

जपणुकीबद्दल फार नाही. मुंबईचा पावसाळा हा कातड्याचा वैरी. एप्रन घडी घालून ठेवू नका, घडीवर तडकतो. जुन्या धुतलेल्या मलमलीत सपाट गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. डांबरगोळ्या ठेवल्यात तर जरीला आणि कातड्याला चिकटून नकोत. गणपती उरकले की एकदा काढून सावलीत हवा द्या.

रिच्युअलची, म्हणजे विधींची ती गाळलेल्या अक्षरांची पुस्तकं परत करा, त्यांचा तुम्हाला उपयोग नाही आणि बाजारात त्यांना किंमतही नाही. अंगठी असेल तर भाऊ घालू शकतो, कायदा आडवा येत नाही. फक्त कुणीतरी अनोळखी गृहस्थ जरा विचित्र तऱ्हेने हात मिळवून ‘कुठलं लॉज?’ म्हणून विचारील, तेव्हा ‘काकांची आहे’ एवढं सांगून टाकावं. रोटरी नि लायन्सच्या पिना त्याच डब्यात आहेत म्हणालात, त्या लॉजच्या नव्हेत. त्या क्लबांची मेसनरीशी गल्लत करून आमच्याकडे आणू नका, आमच्या कपाटात असल्या दोन बरण्या भरल्या आहेत.

त्या तिसऱ्या गृहस्थांच्या वस्तूंसाठी आधी त्यांच्या लॉजकडे चौकशी करा. तिथे धागा लागला नाही आणि नाव पारशी असेल, तर फोर्टमधल्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटला पत्र लिहून बघा. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे ते खरशेदजी कामा स्वतः मेसन होते. कुठल्याही संस्थेत वस्तू घेऊन थेट जाऊ नका. आधी फोटो, मापं, कोरलेला मजकूर आणि ‘काकांकडे कशी आली असावी’ याच्या चार ओळी पाठवा. द्याल तेव्हा सहीशिक्क्याची पोच घ्या. लॉजकडूनही. आमच्याकडून तर नक्कीच.

आणि लॉजला काकांच्या जाण्याची बातमी द्या, ती बहुधा पोचलेली नाही. त्यांच्या नावावर वर्गणी थकलेली दिसली तरी ती तुमच्याकडे मागायची नसते. बातमी पोचली की पुढच्या सभेत त्यांच्या नावाने सगळे उभे राहतात आणि त्याची नोंद होते. त्या नोंदीची प्रत मागून घ्या.

डी. सुखाडवाला मार्गावरचा फ्रीमेसन्स हॉल, सीएसएमटीहून चालत दहा मिनिटं. कार्यालयात यायला बायकांना आडकाठी नाही. वही, कॉलरी आणि पुस्तकं एका पिशवीत आणा. ट्रंकेच्या तळाशी लांब काळ्या म्यानातलं ‘काहीतरी’ आहे असं शेवटी लिहिलंत, ती तलवार, दाराशी उभ्या राहणाऱ्या टायलरची. ती लोकलने आणू नका. फोन करा, आमच्यातला कुणीतरी गाडी घेऊन येईल.